शंखातला संसार

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



दरवर्षी या मेळाव्यात कोणी ना कोणी शिक्षक ‘शिक्षणाचे महत्त्व’ या विषयावर बोलतो. यंदा ती पाळी माझ्यावर आली आहे. परंतु ते महत्त्व आपल्याला पटलेले आहे. पटले नसते तर सुटीचा दिवस मोडून, लहान मुलांना कडेवर घेऊन आपण येथे आला नसतात. म्हणून पटलेली गोष्ट पुन्हा पटवण्याऐवजी मी आज आपल्याला एका माशाची हकिगत सांगणार आहे.

आपण हसलात, ते स्वाभाविक आहे. कोकणातल्या माणसांपुढे माशाविषयी बोलायचे म्हणजे धाडसाचे काम. माझ्यापेक्षा मासळीची पारख अधिक असलेली एक तरी आई किंवा दादी येथे प्रत्येक रांगेत बसलेली आहे. पण मी ज्या माशाविषयी बोलणार आहे तो कालवणात पडणारा नाही. तो जेमतेम दोन पेरांएवढा असतो. समुद्रात नाही, खाडीत नाही, आपल्या नदीतही नाही. तो राहतो आफ्रिका खंडातील एका सरोवराच्या तळाशी, मेलेल्या गोगलगायीच्या रिकाम्या शंखात. मला हा मासा एका माजी विद्यार्थ्याने दाखवला. त्या विद्यार्थ्याची गोष्ट मी शेवटी सांगणार आहे, कारण ती सांगताना मला थोडा धीर गोळा करावा लागेल.

मी इतिहास-भूगोलाचा शिक्षक आहे, विज्ञानाचा नव्हे. त्यामुळे आधी भूगोल.

नकाशावर आफ्रिकेच्या पूर्व भागात उत्तर-दक्षिण पसरलेली, वाकड्या काकडीसारखी एक निळी रेघ दिसते. तेच टांगानिका सरोवर. टांझानिया, काँगो, बुरुंडी आणि झांबिया हे चार देश त्याच्या काठावर आहेत. त्याची लांबी सुमारे ६७० किलोमीटर, म्हणजे मुंबईहून निघून गोवा ओलांडून पुढे जावे इतकी. रुंदी मात्र सरासरी ५० किलोमीटर. आणि खोली? जास्तीत जास्त १,४७० मीटर. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून जेवढे उंच आहे, त्याहूनही हे सरोवर खोल आहे. रशियातील बैकल सरोवर सोडले तर जगात एवढे खोल सरोवर दुसरे नाही. पृथ्वीच्या पृष्ठभागावर जे द्रवरूप गोडे पाणी आहे, त्याचा सुमारे सहावा हिस्सा एकट्या या सरोवरात साठलेला आहे.

जमीन भंगून दोन्ही बाजूंना सरकली आणि मधला भाग खचत गेला, त्या खचदरीत हे पाणी साठले. त्याचे वय ९० लाख ते १ कोटी २० लाख वर्षे असावे, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. एवढा काळ एकाच पाण्यात राहिल्यामुळे तेथील जीवसृष्टी आपल्याच वाटेने वाढली. सिक्लिड नावाच्या माशांच्या कुळातील सुमारे २५० जाती या एका सरोवरात आहेत, आणि त्यांतील जवळजवळ सर्व जगात दुसरीकडे कोठेही सापडत नाहीत. गंमत अशी की, एवढ्या अफाट पाण्यातले वरचे शंभर-दोनशे मीटरच जिवंत आहेत. त्याखाली पाण्यात प्राणवायू नाही, म्हणून मासाही नाही. सगळा संसार वरच्या थरात आणि काठालगतच्या तळावर एकवटलेला आहे.

आता थोडा इतिहास. १८५८ च्या फेब्रुवारीत बर्टन आणि स्पीक हे दोन इंग्रज प्रवासी या सरोवरापाशी पोहोचले. पुस्तकांत त्यांची नावे आहेत. परंतु त्यांच्याबरोबर एक तिसरा माणूस होता. त्याचे नाव सिदी मुबारक बॉम्बे. आफ्रिकेतील याओ जमातीत जन्मलेला हा मुलगा लहानपणी गुलाम म्हणून पकडला गेला, एका व्यापाऱ्याच्या घरी हिंदुस्थानात आला, आणि मालकाच्या मृत्यूनंतर मोकळा होऊन आफ्रिकेत परतला. जाताना त्याने नावात आपली मुंबई नेली आणि जिभेवर हिंदुस्थानी भाषा. स्पीकला आफ्रिकेतील भाषा येत नव्हत्या, पण हिंदुस्थानी येत होती. त्यामुळे त्या दूरच्या प्रदेशात इंग्रज साहेब आणि त्याचा आफ्रिकी वाटाड्या एकमेकांशी आपल्या भाषेत बोलत. पुढे स्टॅन्लेबरोबर आणि कॅमेरॉनबरोबरही मुबारक बॉम्बेने आफ्रिका तुडवली. १८७६ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्याला रौप्यपदक दिले. विद्यार्थी मित्रांनो, प्रवासवर्णनात ज्याचे नाव पहिल्या पानावर असते त्याच्याबरोबर वाट दाखवणारा कोण होता, हेही विचारायला शिका.

त्या सफरीत स्पीकने सरोवराच्या काठचे काही शंख वेचले आणि बरोबर नेले. १८५९ मध्ये लंडनमध्ये त्यांचे शास्त्रीय वर्णन छापले गेले. म्हणजे टांगानिकातील जीवसृष्टीची शास्त्राला पहिली ओळख झाली ती शंखांमुळे. आणि आपली गोष्टही शंखाचीच आहे.

या सरोवरात निओथौमा नावाची एक मोठी गोगलगाय राहते. ती वाळू-चिखलात रुतून जगते आणि मरते. तिचा शंख लिंबापेक्षा थोडा मोठा, पिळदार आणि जाड असतो. आपल्याकडच्या नदीत असा शंख पडला तर काही वर्षांत विरघळून, झिजून जातो. टांगानिकाचे पाणी मात्र क्षारयुक्त आणि चुन्याने भरलेले आहे, त्यामुळे शंख विरघळत नाहीत. पिढ्यान्‌पिढ्यांचे शंख एकावर एक साचतात आणि तळावर त्यांचे गालिचेच्या गालिचे तयार होतात. अशा शंखांचे वय तपासले तेव्हा त्यांतील काही हजार वर्षांहूनही जुने निघाले.

ही झाली वस्ती. आता रहिवासी पाहू.

वाळूच्या उघड्या तळावर लहान माशाला जगणे कठीण. लपायला खडक नाही, झुडूप नाही, आणि वरून मोठे मासे घिरट्या घालतात. अशा ठिकाणी डझनभराहून अधिक जातींच्या सिक्लिडांनी रिकाम्या शंखांत घर केले आहे. त्यांतील सर्वांत लहान जातीचे शास्त्रीय नाव निओलॅम्प्रोलोगस मल्टिफॅसिएटस. नाव माशापेक्षा लांब आहे. त्याचा अर्थ एवढाच, की ‘पुष्कळ पट्ट्यांचा’. बूलेंजर नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने १९०६ मध्ये या जातीचे पहिले वर्णन केले. नर पाच सेंटिमीटरांच्या आत, मादी त्याहूनही लहान. अंगावर तपकिरी आडवे पट्टे, आणि डोळे निळसर, चमकदार.

हा मासा एकटा राहत नाही. त्याचे कुटुंब असते. एक मोठा नर, काही माद्या, वाढती मुले आणि नुकती जन्मलेली पिल्ले, असे कधी कधी वीसपर्यंत जीव एका परातीएवढ्या जागेत नांदतात. प्रत्येक मोठ्या माशाचा आपला शंख ठरलेला. संकट आले की क्षणात सगळे अदृश्य! ज्याचा शंख त्यालाच पक्का माहीत. मादी शंखाच्या आतल्या भिंतीला अंडी चिकटवते आणि आपल्या परांनी पाणी हलते ठेवते. काही दिवसांनी शंखाच्या तोंडाशी टाचणीच्या टोकाएवढी पिल्ले दिसू लागतात. पुष्कळ मासे अंडी टाकून निघून जातात, हे आपल्याला ठाऊक आहे. हे मासे जात नाहीत. पिल्ले शंखाच्या दाराशी, वाहत येणारे सूक्ष्म जीव टिपत वाढतात. थोडी मोठी झाली तरी त्यांना लगेच कोणी हाकलून लावत नाही.

या कुटुंबाचे रोजचे काम कोणते, सांगू? वाळू काढणे. पाण्याबरोबर वाळू सतत सरकत असते आणि शंखांची तोंडे बुजत राहतात. म्हणून हा इवलासा मासा तोंडात वाळू भरतो, हद्दीच्या बाहेर नेतो, थुंकतो आणि परत येतो. पुन्हा भरतो, पुन्हा नेतो. आज काढलेली वाळू उद्या परत येते, म्हणून उद्याही काढतो. अशा अगणित तोंडभर वाळूतून एक खळगा तयार होतो आणि त्यात पुरलेले शंख उघडे पडतात. शंख गोगलगायीचा, पण त्याचे घर झाले ते या खोदण्यामुळे. खोदणे थांबले तर घर बुजले.

कुटुंब म्हटले की भांडणही आले. या जातीचा एक अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसून आले, की कुटुंबात बाहेरून नव्याने येणारे सभासद प्रामुख्याने माद्या असतात. नवी मादी आली की आधीच्या माद्या तिच्या अंगावर धावून जातात, आणि अशा वेळी घरातला मोठा नर मध्ये पडून भांडण मोडतो. भगिनी हसत आहेत. पण सासू-सुनांचा विषय मी काढलेला नाही, तो त्या माशांनी काढला आहे. घरच्या पुरुषांनी मात्र एवढे ध्यानात घ्यावे, की भांडण सुरू झाले की चप्पल पायात घालून नाक्यावर जाणे, हा एकच मार्ग नाही.

या माशाचे काही शेजारी असेच नवलाचे आहेत. लॅम्प्रोलोगस ओसेलेटस नावाची जात शंख उघड्यावर ठेवतच नाही. तो मासा शंखाच्या खालची वाळू उकरतो, शंख हव्या त्या बाजूला वळवतो, हळूहळू खाली बसवतो आणि वरून वाळू पसरून टाकतो. शेवटी तळावर फक्त एक छिद्र उरते. जवळून जाणाऱ्या शत्रूला येथे घर आहे याचा पत्ता लागत नाही.

दुसरा शेजारी लॅम्प्रोलोगस कॅलिप्टेरस. याचा नर तोंडात शंख धरून उचलून आणतो आणि एके ठिकाणी ढीग रचतो. त्या शंखांत माद्या येऊन अंडी घालतात आणि सुमारे दोन आठवडे आतच राहून त्यांची राखण करतात. शंख उचलायचा तर नर मोठा हवा. शंखात शिरायचे तर मादी लहान हवी. या दोन अटींमुळे या जातीत नर मादीच्या सरासरी बारापट वजनाचा झाला आहे. नर मादीहून इतका मोठा असण्याचे दुसरे उदाहरण प्राणिसृष्टीत सापडणे कठीण. पण हाच नर शेजाऱ्याच्या ढिगातले शंख पळवतोही, आणि त्यात मादी बसलेली असली तरी तिची पर्वा करत नाही. तेव्हा माशांकडून नीतीचे धडे घ्या, असे मी मुळीच सांगत नाही. माशाला जे करायचे ते त्याच्या रक्तातच लिहिलेले आहे. अल्लाह तआलाने अक्कल आणि निवड माणसाला दिली, म्हणून हिशेबही माणसालाच द्यावा लागणार आहे. सृष्टीकडे डोळे उघडून पाहा, असे आपला दीन आपल्याला वारंवार बजावतो. मी तेवढेच करतो आहे. पाहतो आहे.

कोणी म्हणेल, आफ्रिकेतल्या माशाचे आपल्याला काय? तर या कुळाचे नातेवाईक आपल्या दारातही आहेत. गोव्याकडे ज्याला काळुंदर म्हणतात आणि केरळात करीमीन, तो सिक्लिडच आहे. भारतात या कुळाच्या मूळच्या तीनच जाती आहेत, त्यांतली ही एक. तिचे शास्त्रीय नाव १७९० मध्ये ठेवले गेले, त्यात सुरत शहराचे नाव आहे. काळुंदरचे आई-बाप दोघे मिळून अंडी आणि पिल्ले राखतात. त्याची एक पिवळसर, चिमुकली भावंड-जात आहे. तिची पिल्ले आई-बापाच्या अंगावरचा चिकट स्राव टोचून खातात, जणू त्वचेचे दूधच. आणि बाजारात टोपल्यांनी येणारी चिलापी तर आपण सर्वांनी खाल्ली आहे. तीही याच कुळातली. चिलापी १९५२ मध्ये बाहेरून भारतात आणली गेली, आणि आज उजनीसारख्या धरणांत ती उदंड झाली आहे. तिची मादी अंडी आणि पिल्ले स्वतःच्या तोंडात सांभाळते. तेव्हा हे सबंध कुळच लेकुरवाळे आहे. कोणी तोंडात, कोणी कातडीवर, कोणी शंखात. पण पिल्लाला एक सुरक्षित जागा द्यायची, हा या कुळाचा रिवाज आहे.

आता ती राहिलेली गोष्ट.

काही वर्षांपूर्वी नववीच्या माझ्या वर्गात एक मुलगा होता. नाव सांगत नाही. तो वर्गात झोपत असे. मी त्याला उभे करी, रागावे. एकदा सर्वांसमोर ‘घरी काय रात्रपाळी करतोस काय?’ असेही विचारले. मुले हसली. तोही हसला. मग तो येईनासा झाला. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे लाल खुणा पडत गेल्या. नियमाप्रमाणे दोन पत्रे गेली, आणि नियमाप्रमाणे नाव कमी झाले. त्यावर सही माझी आहे. त्याचे घर शाळेपासून बारा मिनिटांच्या अंतरावर होते. मी गेलो नाही.

पुढे एका पावसाळ्यात मुंबईत गेलो असता सर आली म्हणून एका दुकानाच्या आडोशाला उभा राहिलो. काचेच्या टाक्यांत मासे ठेवून विकणारे ते दुकान. आतून हाक आली, ‘सर, आत या ना.’ तोच होता. मिशी फुटली होती. त्याने स्टूल पुसून दिले, चहा मागवला आणि मला आपल्या टाक्या दाखवू लागला. एका टाकीत वाळू आणि शंख होते. मी म्हणालो, ‘यात मासा कुठे आहे?’ तो म्हणाला, ‘हलू नका, सर. थोडा वेळ थांबा.’ दोन मिनिटांनी एका शंखातून एक डोके बाहेर आले, मग दुसरे, मग सात-आठ. आणि मग त्या मुलाने मला या माशांविषयी जे सांगितले, ते ऐकून मी थक्क झालो. मघापासून मी आपल्याला जे सांगितले त्यातले अर्धे त्याचे आहे. उरलेले मी नंतर वाचून काढले. सरोवराचे नाव, देशांची नावे, पाण्याचा गुण, सगळे त्याच्या जिभेवर होते. माझ्या भूगोलाच्या तासाला याच मुलाला आफ्रिका दाखवता येत नव्हती.

‘एका माशाला एक शंख द्यायचा ना?’ मी विचारले.

‘नाही सर, माशांपेक्षा शंख जास्तच टाकायचे. कमी पडले की मारामारी होते, आणि जो लहान असतो तो मरतो.’

पाऊस थांबला तरी मी उठलो नाही. शेवटी विचारलेच, ‘तू शाळा का सोडलीस रे?’

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘कारण असे काही नव्हते, सर. एक खोली, सात माणसे. रात्री दिवा लावला की आजारी दादीला झोप येत नसे. ओट्यावर बसलो तर पाऊस. अभ्यास व्हायचा नाही, मग शाळेत यायला लाज वाटायची. बाकी काही नाही. नुसती जागा नव्हती.’

मी बी.ए., बी.एड. आहे. बालमानसशास्त्राच्या पेपरात मला चांगले गुण होते. परंतु ‘नुसती जागा नव्हती’ हे तीन शब्द कोणत्याही पुस्तकात मला भेटले नव्हते. मुलगा मठ्ठ नव्हता, आळशी नव्हता, उनाड नव्हता. त्याच्या वाट्याला शंख आला नव्हता.

पालकांनो, आता शंखांकडे पुन्हा एकदा पाहा. मासा शंख तयार करू शकत नाही. कितीही धडपडला तरी नाही. तो त्याला मिळतो आधी होऊन गेलेल्या जिवांकडून. आपली ही इमारतही तशीच आहे. कोणी जमीन दिली, कोणी आखातात उन्हात राबून मिळवलेल्या पैशातून एक खोली बांधून दिली, कोणी बायकोची बांगडी मोडून पत्रे घातले. त्यांतील पुष्कळजण आज कबरस्तानात विसावले आहेत. फरक एवढाच, की गोगलगायीला ठाऊक नव्हते आपल्या मागे या शंखात कोण राहणार आहे. आपल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक होते. त्यांनी जाणूनबुजून मागे ठेवले. माणूस गेल्यावरही ज्याचा सवाब चालू राहतो, त्याला आपण सदका-ए-जारिया म्हणतो. या भिंती म्हणजे सदका-ए-जारिया आहेत.

पण शंख मिळाला म्हणजे काम झाले, असे नाही. तिकडे टांगानिकाच्या काठी, विशेषतः उत्तरेकडच्या डोंगरउतारांवर, जंगल तुटल्यामुळे माती वाहून सरोवरात येते. काठालगतचा तळ या गाळाखाली जातो, आणि जेथे गाळ जास्त तेथे माशांच्या जाती कमी झालेल्या संशोधकांना आढळल्या आहेत. सरोवराचे पाणीही तापते आहे, त्यामुळे खालचे अन्नद्रव्य वर येणे मंदावले आहे. १९९० नंतरच्या अभ्यासांतून हे वारंवार पुढे आले. हजार वर्षांत साठलेली वस्ती बुजायला हजार वर्षे लागत नाहीत. आणि तोंडाने वाळू काढणाऱ्या त्या जिवाचा डोंगरावरून येणाऱ्या गाळापुढे काही इलाज नाही.

आपला इलाज आपल्या हातात आहे. ही शाळा संध्याकाळी साडेपाचला कुलूपबंद होत असे. अकरा खोल्या, बाके, दिवे, पंखे सगळे काळोखात बसून राही. आणि त्याच वेळी गावात कोणी मूल ओट्यावर, कोणी रॉकेलच्या डब्यावर, कोणी पाळण्याची दोरी ओढत वही उघडून बसलेले असे. यालाच मी शंखात वाळू साचणे म्हणतो. गेल्या जूनमध्ये संचालक मंडळाने माझी विनंती मान्य केली आणि दोन खोल्या मगरिबच्या नमाजनंतर रात्री दहापर्यंत उघड्या राहू लागल्या. तेथे मी शिकवत नाही. कोणी शिकवत नाही. फक्त दिवा असतो, बाक असते आणि शांतता असते. पहिल्या दिवशी चार मुले आली. दिवाळीपर्यंत दोन्ही खोल्या भरल्या. मग एक दिवस एका मुलीची आई माझ्याकडे आली आणि म्हणाली, ‘मास्तर, पोरांना जागा दिलीत. माझ्या पोरीने काय गुन्हा केला?’ मला उत्तर देता आले नाही. तिच्या घरातही तीच एक खोली होती, आणि पोरीच्या वाट्याला वहीबरोबर भांडीही होती.

म्हणून आज मी आपल्याकडे पैसे मागत नाही. विजेचे बिल संस्था भरते. मला हवी आहेत माणसे. मुलींसाठी तिसरी खोली उघडायची, तर रोज संध्याकाळी तेथे दोन आया, आपा किंवा खाला बसल्या पाहिजेत आणि परतताना मुलींना घरापर्यंत सोबत मिळाली पाहिजे. साठ घरांनी प्रत्येकी महिन्यातली एक संध्याकाळ दिली, तर वर्ष निघून जाईल. बसणाऱ्या बाईला लिहिता-वाचता आलेच पाहिजे, असे नाही. तस्बीह घेऊन बसा, विणकाम घेऊन बसा. त्या माशालाही वाचता येत नाही. तो रोज आपल्या तोंडात मावेल एवढीच वाळू बाहेर नेतो. बाहेर टेबलावर वही ठेवली आहे, तीत नाव आणि आपल्याला सोयीचा वार लिहावा. वडिलांनीही लिहावे, सोबतीचे काम त्यांचे आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला दोनच शब्द. जागा मिळाली की ती आपली समजून भरून टाकू नका. शेजारच्यासाठी बाकावर थोडे सरका. आणि वर्गात कोणी झोपत असेल तर हसण्याआधी त्याच्या घरी एकदा जाऊन या. हे मी तुम्हाला सांगतो आहे, कारण मी स्वतः ते केले नाही.

तो मुलगा यंदा १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसणार आहे. दुकान बंद झाल्यावर मालक त्याला तेथेच दिवा लावून अभ्यास करू देतो. निकाल काय लागेल, अल्लाह जाणे. आपण दुवा करावी. गेल्या महिन्यात त्याने शाळेला एक लहान टाकी भेट पाठवली. तिच्यात सहा मासे आहेत आणि आपल्याकडच्या गोगलगायींचे, उकळून स्वच्छ केलेले पंधरा शंख. टाकी प्रयोगशाळेत खिडकीजवळ ठेवली आहे. आज जाताना अवश्य पाहा, आणि हे स्मरणिकेत वाचणाऱ्यांनीही कधी शाळेत येऊन पाहावी. पहिल्यांदा फक्त वाळू आणि शंख दिसतील. निघून जाऊ नका. थोडा वेळ न हलता उभे राहा.